कागदाविना बसवलेली गाणी

१९५८ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात युनियन प्लँटर्स बँकेत नोकरी करणाऱ्या एस्टेल अ‍ॅक्स्टन यांनी नवऱ्याची समजूत घालून राहतं घर पुन्हा गहाण टाकलं. हाती अडीच हजार डॉलर आले. त्यातून अ‍ॅम्पेक्स कंपनीचा टेप रेकॉर्डर घेतला गेला, तोही एकाच ट्रॅकचा. यंत्र हवं होतं ते त्यांच्या धाकट्या भावाला. बारा वर्षांनी लहान असलेला जिम स्ट्यूअर्ट दुसऱ्या एका बँकेत नोकरीला होता, फावल्या वेळात कंट्री संगीताच्या मेळ्यांत फिडल वाजवायचा आणि आपणही रेकॉर्ड काढाव्यात असं त्याच्या मनाने घेतलं होतं. या धंद्यातलं त्याला फारसं कळत नव्हतं. कृष्णवर्णीयांच्या संगीताशी तर त्याची ओळखही नव्हती.

रशियाचा स्पुटनिक नुकताच आकाशात गेला होता, म्हणून कंपनीचं नाव पडलं ‘सॅटेलाइट’. त्याच नावाची दुसरी कंपनी कॅलिफोर्नियात आहे हे कळल्यावर १९६१ मध्ये स्ट्यूअर्ट आणि अ‍ॅक्स्टन या आडनावांची पहिली अक्षरं जोडून ‘स्टॅक्स’ झालं. ओटिस रेडिंग, सॅम अँड डेव्ह, बुकर टी. अँड द एमजीज, एडी फ्लॉइड, आयझॅक हेझ यांची गाणी इथे घडली. चर्चमधल्या गॉस्पेलची आर्तता आणि नाचायला लावणारा ठेका यांच्या मिलाफातून जे ‘सोल’ संगीत उभं राहिलं, त्याचा दक्षिणेकडचा खरखरीत, घाम आलेला आवाज म्हणजे स्टॅक्स. आणि १९७५ च्या डिसेंबरात ही कंपनी दिवाळखोरीत निघाली तेव्हा तिच्या दाराशी उभी होती ती युनियन प्लँटर्स बँकच. गहाणखत आणि दिवाळखोरीचा अर्ज या दोन कागदांच्या मधल्या काळात जी गाणी झाली, ती मात्र जवळजवळ कागदाविनाच झाली. त्या पद्धतीने काय मिळालं आणि तिची किंमत कोणी मोजली, त्याची ही हकिगत.

उतरत्या जमिनीचं थिएटर

सुरुवातीचे प्रयोग एका गॅरेजमध्ये झाले, मग शहराबाहेरच्या ब्रन्सविक गावात एका जुन्या दुकानात. शेजारून आगगाडी जायची. गाडी आली की रेकॉर्डिंग थांबवावं लागे. १९६० मध्ये बहीण-भावाने मेम्फिसच्या मॅकलमोर अव्हेन्यूवरचं बंद पडलेलं कॅपिटॉल थिएटर भाड्याने घेतलं. त्या वस्तीतून गोरी कुटुंबं बाहेर पडत होती आणि कृष्णवर्णीय कुटुंबं राहायला येत होती. थिएटर स्वस्तात मिळालं ते त्यामुळेच.

खुर्च्या उचकटून काढल्या, छतापासून जाड पडदे सोडले, पूर्वी जिथे सिनेमाचा पडदा होता त्या मंचावर नियंत्रण कक्ष बांधला. जमीन सपाट करायला मात्र पैसे नव्हते. प्रेक्षकांना मागूनही दिसावं म्हणून ठेवलेला उतार तसाच राहिला. जमीन आणि छत समांतर नसल्याने आवाज एका जागी घुमत राहत नसे. ड्रम आणि बेसला एक वेगळीच खोली येई. सिनेमाचे अवाढव्य स्पीकर झालेलं गाणं ऐकायला उपयोगी पडले. गैरसोयीतून आलेला हा आवाज पुढे इतरांना लाखो डॉलर खर्चूनही काढता आला नाही.

थिएटरच्या दर्शनी भागात जिथे पूर्वी खाऊ आणि सरबतं विकली जात, तिथे एस्टेलबाईंनी रेकॉर्डचं दुकान थाटलं. स्टुडिओचं भाडं निघावं हा साधा हेतू होता, पण दुकानाने त्याहून मोठं काम केलं. शाळा सुटली की वस्तीतली पोरं तिथे येऊन तासन्‌तास गाणी ऐकत. बाई कुणाला हुसकावत नसत. कुठल्या गाण्याला पोरांचे पाय हलतात, कुठलं गाणं ती अर्ध्यात सोडतात, यावर त्यांची बारीक नजर असे. आत झालेलं नवं रेकॉर्डिंग बाहेर वाजवून पाहायचं आणि पोरांचे चेहरे वाचायचे, ही त्यांची बाजारपेठेची पाहणी.

काउंटरवर काम करणारा उंच, अबोल गोरा तरुण म्हणजे स्टीव्ह क्रॉपर, पुढचा गिटारवादक आणि अनेक गाण्यांचा सहगीतकार. गाणी ऐकायला येणाऱ्या शाळकरी मुलांपैकी एक होता बुकर टी. जोन्स. तो वस्तीत वर्तमानपत्रं टाकायचा आणि हाताला लागेल ते वाद्य वाजवायचा. १९६० च्या उन्हाळ्यात रेडिओवरचा लोकप्रिय निवेदक रूफस थॉमस आपली मुलगी कार्ला हिला घेऊन एक द्वंद्वगीत रेकॉर्ड करायला आला. बॅरिटोन सॅक्सोफोन वाजवणारं कुणी हवं होतं. बुकरचा मित्र डेव्हिड पोर्टर शाळेत गेला, त्याने बुकरला वर्गातून बाहेर काढलं, शाळेच्या बँडचा सॅक्सोफोन उचलला आणि दोघं स्टुडिओत हजर झाले.

ते गाणं आसपासच्या भागात चांगलं चाललं आणि न्यूयॉर्कच्या अटलांटिक रेकॉर्ड्सच्या जेरी वेक्सलरच्या कानावर गेलं. वेक्सलर पूर्वी बिलबोर्ड साप्ताहिकात होता. ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव रूढ केलं ते त्यानेच. अटलांटिकने स्टॅक्सच्या रेकॉर्ड देशभर वितरित करायच्या, असं ठरलं. ठरलं म्हणजे शब्दावर. पुढे वेक्सलर मेम्फिसला आला, तेव्हा त्याला भेटायला त्याच्या हॉटेलात जाताना रूफस आणि कार्ला यांना मागच्या दाराने जावं लागलं. पुढच्या दाराने कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. मॅकलमोर अव्हेन्यूवरच्या थिएटरात मात्र काळे आणि गोरे एकाच दाराने आत येत आणि एकाच माइकसमोर वाजवत. १९६० च्या मेम्फिसमध्ये हीच मुळात बेकायदा वाटावी अशी गोष्ट होती.

उरलेल्या वेळात

स्टॅक्सची सुरुवातीची दोन महत्त्वाची गाणी ठरवून झालेली नाहीत. दुसऱ्या कुणाचं काम फिसकटलं आणि उरलेल्या वेळात ती झाली.

१९६२ च्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी बिली ली रायली या गायकाचं रेकॉर्डिंग ठरलं होतं. ते काही जमलं नाही. ऑर्गनवर सतरा वर्षांचा बुकर, गिटारवर क्रॉपर, बेसवर लुई स्टाइनबर्ग आणि ड्रमवर अल जॅक्सन ज्युनियर असे चौघं नुसते बसून होते. मग वेळ घालवायला ते एक संथ ब्लूज वाजवू लागले. काचेआड बसलेल्या स्ट्यूअर्टने मुकाट्याने यंत्र सुरू केलं. झालेलं वाजवणं त्याला आवडलं. रेकॉर्ड काढू म्हणाला. पण रेकॉर्डला दुसरी बाजूही लागते. तेव्हा बुकरला काही दिवसांपूर्वी सुचलेली एक ऑर्गनची चाल आठवली. चौघांनी ती उचलली, क्रॉपरने मधे मधे गिटारचे तुटक, धारदार फटकारे मारले, आणि दुसरी बाजू भरून निघाली.

तिचं नाव ‘ग्रीन अनियन्स’. क्रॉपरने त्याची एक कच्ची तबकडी कापून घेतली आणि डब्ल्यूएलओके या स्थानिक रेडिओ केंद्रावरच्या ओळखीच्या निवेदकाकडे नेली. त्याने ती तिथल्या तिथे वाजवली आणि केंद्राचे फोन खणखणू लागले. हे काय आहे, कुठे मिळेल, अशी विचारणा लोक करत होते. बाजू उलटवण्यात आली आणि जागा भरायला केलेली रचना मुख्य झाली. सप्टेंबरमध्ये ती बिलबोर्डच्या पॉप यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोचली. बुकरने त्यानंतर इंडियाना विद्यापीठात संगीताच्या पदवीला प्रवेश घेतला आणि पुढची काही वर्षं तो सुट्टीच्या दिवशी मेम्फिसला येऊन वाजवत राहिला. तो नसे तेव्हा पियानोवर बसायचा आयझॅक हेझ नावाचा तरुण. त्याला स्टॅक्सने आधी गायक म्हणून परत पाठवलं होतं आणि तो मांसाच्या कारखान्यात काम करत होता.

दुसरी गोष्ट त्याच वर्षीची. जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावाहून जॉनी जेन्किन्स हा गिटारवादक रेकॉर्डिंगसाठी आला. त्याच्याकडे गाडी चालवायचा परवाना नव्हता, म्हणून विशीतला एक धिप्पाड तरुण गाडी चालवत त्याला घेऊन आला होता. सामानही तोच उतरवत होता. क्रॉपरला तो जेन्किन्सचा अंगरक्षक किंवा हमाल वाटला. जेन्किन्सचं वाजवणं काही केल्या रंगेना. इकडे तो ड्रायव्हर दिवसभर अल जॅक्सनच्या मागे लागला होता: माझं एकदा ऐका. शेवटी अर्धा-पाऊण तास उरला. काही वादक आपापली वाद्यं आवरून रात्रीच्या कार्यक्रमांना निघाले होते. क्रॉपर पियानोवर बसला, कारण पियानोवाला निघून गेला होता. तरुणाने त्याला सांगितलं की चर्चमध्ये वाजवतात तसे तीन-तीनचे ठोके दे. आणि त्याने ‘दीज आर्म्स ऑफ माइन’ म्हटलं.

हा ओटिस रेडिंग. जेन्किन्सचं रेकॉर्डिंग कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

तोंडी बांधणी

स्टॅक्समध्ये गाणं बसवायची रीत त्या काळच्या न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंपेक्षा वेगळी होती. तिथे अरेंजर प्रत्येक वाद्यासाठी नोटेशन लिहून आणत, वादक ते वाचून तीन तासांत तीन-चार गाणी उरकत. मॅकलमोरवर कुणी काही लिहून आणत नसे. गायक गाण्याचा मुखडा गुणगुणायचा, क्रॉपर त्याला साजेसे स्वरमेळ शोधायचा, जॅक्सन ठेका धरायचा, आणि मग सगळे मिळून तेच तेच वाजवत राहायचे, जोपर्यंत गाणं उभं राहत नाही तोपर्यंत. ओटिस तर हॉर्नच्या वादकांसमोर उभा राहून त्यांचे तुकडे तोंडाने गाऊन दाखवायचा. ट्रम्पेटवर वेन जॅक्सन आणि सॅक्सोफोनवर अँड्र्यू लव्ह ते तसेच्या तसे उचलत. नंतर कुणाला ते नोटेशनमध्ये हवं असेल, तर रेकॉर्ड ऐकूनच उतरवून घ्यावं लागे.

यंत्र एकाच ट्रॅकचं असल्याने सगळे एकत्र आणि एकदमच वाजवत. शेवटच्या ओळीला ट्रम्पेट घसरला तर पहिल्यापासून पुन्हा. यामुळे एक झालं: प्रत्येकजण दुसऱ्याचं ऐकत वाजवायला शिकला. एमजीजच्या, म्हणजे ‘ग्रीन अनियन्स’ वाजवणाऱ्या चौघांच्या, वाजवण्यात जी काटकसर आहे, गरज नसलेला एकही स्वर नाही, तिचं एक कारण या यंत्रात आहे.

१९६३ मध्ये यंत्र बिघडलं तेव्हा वेक्सलरने आपला ध्वनिमुद्रक टॉम डाउड याला मेम्फिसला धाडलं. तरुणपणी कोलंबिया विद्यापीठात अणुबाँबच्या प्रकल्पावर काम केलेला हा माणूस. यंत्र किती जुनाट आहे हे पाहून तो चकित झाला. त्यातून बाहेर येणाऱ्या आवाजाने त्याहून जास्त. १९६५ मध्ये त्यानेच इथे एकापेक्षा जास्त ट्रॅकचं यंत्र बसवून दिलं. त्याच वर्षीच्या जुलैत ओटिसचा ‘ओटिस ब्लू’ हा अल्बम साधारण चोवीस तासांत रेकॉर्ड झाला. मधे काही तास काम थांबलं, कारण वादकांना रात्री क्लबात वाजवायला जायचं होतं. पोटाची कामं सोडून चालणार नव्हतं. या अल्बममध्ये ओटिसने स्वतः लिहिलेलं ‘रिस्पेक्ट’ होतं. दोन वर्षांनी अरेथा फ्रँकलिनने न्यूयॉर्कमध्ये ते नव्याने म्हटलं आणि थकून घरी आलेल्या पुरुषाची मागणी एका बाईच्या हक्काची मागणी झाली. तिच्या गाण्यातला सॅक्सोफोनचा तुकडा ज्या स्वरमेळांवर उभा आहे, तेही सॅम अँड डेव्हच्या एका स्टॅक्स-गाण्यातून घेतलेले.

लॉरेन मोटेल

स्टुडिओत सगळे एकत्र वाजवत, पण बाहेर एकत्र जेवायला बसायचं तर मेम्फिसमध्ये जागा फारच थोड्या. त्यातली एक म्हणजे मलबेरी स्ट्रीटवरचं लॉरेन मोटेल. वॉल्टर आणि लोरी बेली या कृष्णवर्णीय दांपत्याचं हे मोटेल. बाहेरगावचे कृष्णवर्णीय कलाकार इथेच उतरत. इथे काळा-गोरा असा भेद नव्हता, तळलेलं चिकन चांगलं मिळायचं, आणि स्टुडिओत वातानुकूलन नसलेल्या दिवसांत पोहायचा तलावही होता. स्टॅक्सची बरीच गाणी इथल्या खोल्यांत लिहिली गेली.

१९६५ च्या मे महिन्यात वेक्सलर विल्सन पिकेट या गायकाला घेऊन आला. पिकेटच्या जुन्या गॉस्पेल रेकॉर्ड क्रॉपरने दुकानात ऐकून ठेवल्या होत्या. गाण्याच्या शेवटी मध्यरात्रीचा उल्लेख असलेले काही शब्द पिकेट आळवतो, हे त्याच्या लक्षात आलं होतं. वेक्सलरने दोघांना एका खोलीत बसवलं, सोबत व्हिस्कीची बाटली दिली. थोड्याच वेळात ‘इन द मिडनाइट अवर’ तयार होतं. सुरुवातीचे गिटारचे स्वरमेळ कसे सुचले, हे क्रॉपर नंतर हसत सांगत असे: गिटारच्या मानेवर पडद्यांची खूण म्हणून जे ठिपके असतात, त्यांवरून हात खाली आणत गेलो, बस.

स्टुडिओत वेक्सलरला ठेका पटेना. न्यूयॉर्कमधली पोरं ‘जर्क’ नावाचा नाच कशी करतात हे दाखवायला तो नियंत्रण कक्षातून बाहेर आला आणि वादकांसमोर नाचू लागला. त्या नाचात अंगाचा झटका तालापेक्षा किंचित मागे पडतो. जॅक्सन आणि क्रॉपर यांनी ते पाहिलं आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरचा ठोका केसभर उशिरा द्यायला सुरुवात केली. तो विलंब स्टॅक्सच्या ठेक्याची ओळख होऊन बसला.

पुढच्या वर्षी क्रॉपर आणि एडी फ्लॉइड याच मोटेलात एका रात्री अपशकुनांवरचं गाणं रचत होते. बाहेर वादळ सुटलं होतं, विजा कडकडत होत्या. फ्लॉइडला लहानपण आठवलं: आलाबामात असं वादळ आलं की तो आणि त्याचा भाऊ पलंगाखाली लपत. ती वीज आणि तो गडगडाट गाण्यात आला. सुरुवातीसाठी क्रॉपरने ‘मिडनाइट अवर’चेच स्वरमेळ घेतले आणि उलटे वाजवले. स्टुडिओत अल जॅक्सनने सुचवलं की मुखड्यात सगळ्यांनी क्षणभर थांबावं आणि दारावर टकटक झाल्यासारखे ठोके यावेत. ‘नॉक ऑन वुड’ ऐकलेल्या कुणालाही आधी आठवतात ते हे ठोके. गाण्यावर नावं आहेत क्रॉपर आणि फ्लॉइड यांची.

ज्या डेव्हिड पोर्टरने बुकरला वर्गातून बाहेर काढलं होतं, तो स्टॅक्ससमोरच्या किराणा दुकानात कामाला होता आणि विमाही विकायचा. आयझॅक हेझशी त्याची जोडी जमली आणि दोघांनी मिळून सॅम अँड डेव्हसाठी गाण्यांची रांग लावली. १९६६ मध्ये एकदा गाणं अडून बसलं असताना पोर्टर शौचालयात जाऊन बसला. हेझने बाहेरून घाई केली, आतून पोर्टर ओरडून म्हणाला की जरा थांब, येतोय. आणि तशीच उडी मारून बाहेर आला, कारण मुखडा सापडला होता. ‘होल्ड ऑन, आय’म कमिन’’ या नावात काही रेडिओ केंद्रांना अश्लीलता दिसली आणि रेकॉर्डवरचं नाव किंचित बदलावं लागलं.

‘सोल मॅन’ची हकिगत गंभीर आहे. १९६७ च्या जुलैत डेट्रॉइट शहर दंगलीत जळत होतं. टीव्हीवरच्या बातम्यांत हेझने पाहिलं की कृष्णवर्णीयांच्या दुकानांवर ‘सोल’ असा शब्द रंगवला आहे. जाळणाऱ्यांनी हे दुकान सोडून पुढे जावं म्हणून. बायबलमध्ये देवदूताने खुणेची घरं टाळून पुढे जावं तसं. ती खूण हेझला अभिमानाची वाटली आणि पोर्टरबरोबर त्याने तिचं गाणं केलं. त्यात हेझला गिटारचा घसरता आवाज हवा होता. क्रॉपरकडे त्यासाठीची काचेची नळी नव्हती; त्याने सिगारेटचा लायटर तारांवरून घसरवला.

बंदरावर बसलेला माणूस

१९६७ हे स्टॅक्सच्या बहराचं वर्ष. वसंतात सगळी मंडळी युरोपच्या दौऱ्यावर गेली आणि आपण किती प्रसिद्ध आहोत हे त्यांना तिकडे पहिल्यांदा कळलं. लंडनमध्ये त्यांना आणायला बीटल्सनी आपल्या गाड्या पाठवल्या होत्या. त्याआधीच्या वर्षी बीटल्सही मॅकलमोरवर येऊन रेकॉर्डिंग करायचा विचार करत होते. जूनमध्ये ओटिसने मॉन्टेरी महोत्सवात फुलाफुलांचे कपडे घातलेल्या गोऱ्या हिप्पी श्रोत्यांना जिंकलं.

ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यक्रमांसाठी गेलेला ओटिस सॉसालिटोच्या किनाऱ्यावर एका बोटघरात राहत होता. पाण्याकडे बघत त्याने एका गाण्याची सुरुवात केली. त्या उन्हाळ्यात तो बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ ऐकत होता आणि आपल्यालाही वेगळं काही करता यावं असं त्याला वाटत होतं. त्यानंतर घशातल्या गाठींची शस्त्रक्रिया झाली आणि काही आठवडे बोलणंही बंद झालं. आवाज परत आला तेव्हा तो झपाटल्यासारखा स्टुडिओत उतरला. क्रॉपरने गाणं पुरं करायला मदत केली. २२ नोव्हेंबरला ‘द डॉक ऑफ द बे’ रेकॉर्ड झालं, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यावर थोडं काम झालं. शेवटी ओटिसची शीळ आहे. क्रॉपर म्हणे की शेवटी बोलायचं ठरलेलं काहीतरी ओटिस विसरला आणि शीळ घालत सुटला. स्टॅक्समध्ये सगळ्यांनाच गाणं पसंत नव्हतं. स्ट्यूअर्टला ते पुरेसं ‘आपलं’ वाटत नव्हतं.

१० डिसेंबर १९६७ च्या रविवारी ओटिसचं छोटं विमान विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनजवळ मोनोना तलावात कोसळलं. ओटिस २६ वर्षांचा होता. त्याच्याबरोबर बार-केज या साथीदार बँडची चार मुलं गेली. वस्तीतल्याच शाळेतून, एस्टेलबाईंच्या दुकानातून वर आलेली ही पोरं. त्या वर्षीच्या त्यांच्या ‘सोल फिंगर’ या गाण्यात वस्तीतली लहान मुलं ओरडताना ऐकू येतात. मोबदला म्हणून त्यांना कोका-कोला मिळाला होता. बँडमधला ट्रम्पेटवादक बेन कॉली विमानातल्या खुर्चीच्या उशीला धरून तरंगत राहिला आणि एकटाच वाचला. बेसवादक जेम्स अलेक्झांडर जागा नसल्याने दुसऱ्या विमानाने येत होता.

अटलांटिकला रेकॉर्ड लगेच हवी होती. मित्राच्या मृत्यूनंतर लगेच क्रॉपर स्टुडिओत बसून गाणं मिक्स करत होता. त्याने लाटांचे आणि समुद्रपक्ष्यांचे आवाज त्यात मिसळले. जानेवारीत रेकॉर्ड निघाली, १६ मार्च १९६८ रोजी बिलबोर्डवर पहिल्या क्रमांकावर गेली आणि चार आठवडे तिथेच राहिली. गायकाच्या मृत्यूनंतर त्या यादीत पहिलं येणारं ते पहिलं गाणं. स्टॅक्सचंही पॉप यादीतलं ते पहिलंच अव्वल गाणं.

गाणं अव्वल स्थानी असतानाच, ४ एप्रिलच्या संध्याकाळी, सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला मेम्फिसला आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घालण्यात आली. ते लॉरेन मोटेलच्या सज्जात उभे होते. मालकीणबाई लोरी बेली यांना त्या धक्क्याने पक्षाघात झाला आणि किंग यांच्या अंत्यविधीच्या दिवशी त्यांचं निधन झालं. शहरात जाळपोळ झाली. स्टॅक्सच्या इमारतीला कुणी हात लावला नाही. पण त्यानंतर स्टुडिओतलं वातावरण पूर्वीसारखं राहिलं नाही, असं तिथल्या काळ्या-गोऱ्या दोन्ही वादकांनी पुढे नोंदवून ठेवलं आहे.

एका कलमाची किंमत

याच सुमारास स्टॅक्सवर तिसरा घाव बसला. अटलांटिकशी असलेला शब्दावरचा व्यवहार १९६५ मध्ये कागदावर आला होता. स्ट्यूअर्टला त्यात एक कलम हवं होतं: वेक्सलर अटलांटिकमध्ये मालक म्हणून राहिला नाही, तर आपण करार सोडू शकू. ते मिळालं. बाकीचा मजकूर त्याने नीट वाचला नाही. वेक्सलरवर विश्वास होता, वकिलाला दाखवायची गरज वाटली नाही.

१९६७ च्या अखेरीस अटलांटिक वॉर्नर ब्रदर्स-सेव्हन आर्ट्सला विकली गेली. स्टॅक्सने करार संपवायचं ठरवलं आणि आपल्या मूळ टेप्स परत मागितल्या. तेव्हा कळलं की अटलांटिकने वितरित केलेल्या सगळ्या ध्वनिमुद्रणांची मालकी अटलांटिककडे आहे, असं त्या कागदात स्पष्ट लिहिलेलं आहे. आपण हे कलम तयार केलं नव्हतं, ते न्यूयॉर्कच्या वकिलांनी घातलं, असं वेक्सलर पुढे म्हणाला. पण त्यामुळे टेप्स परत आल्या नाहीत. सॅम अँड डेव्ह हे मुळात अटलांटिकने ‘उसने’ दिलेले होते, तेही परत गेले. ओटिस आधीच गेला होता. दहा वर्षं चाललेल्या कंपनीकडे विकायला एकही जुनं गाणं उरलं नाही.

सावरण्याचं काम अल बेलने केलं. पूर्वी रेडिओ निवेदक असलेला, किंग यांच्या संघटनेत काम केलेला हा उंच, बोलका माणूस १९६५ मध्ये स्टॅक्समध्ये आला होता. एमजीजचे चौघं आणि हेझ-पोर्टर अशा सहा जणांना निर्मात्यांचा हिस्सा मिळून वाटला जावा, ही व्यवस्था त्याच्याच काळातली. १९६९ मध्ये त्याने एका दमात सत्तावीस अल्बम बाजारात आणले. जुना साठा गेला तर नवा उभा करू, हा त्यामागचा हिशेब. त्यातला आयझॅक हेझचा ‘हॉट बटर्ड सोल’ कुणाच्या फारशा अपेक्षा नसताना तुफान चालला. १९७२ मध्ये ‘शाफ्ट’ चित्रपटाच्या गीतासाठी हेझला ऑस्कर मिळालं. गीताच्या विभागात ते मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये स्टॅक्सने ‘वॉटस्टॅक्स’ हा दिवसभराचा जलसा केला. तिकीट एक डॉलर, आणि श्रोते लाखाच्या घरात.

पण आता कंपनी मोठी, खर्चिक आणि कर्जबाजारी झाली होती. एस्टेलबाई १९६९ मध्येच बाहेर पडल्या होत्या, क्रॉपर आणि बुकरही गेले होते. सीबीएस रेकॉर्ड्सबरोबरचा वितरणाचा करार फसला, दुकानांत माल पोचेना. स्ट्यूअर्टने आपली मालमत्ता कर्जासाठी हमी म्हणून ठेवली आणि घर गमावलं. १९७५ च्या ऑक्टोबरात अल जॅक्सनचा त्याच्या घरी खून झाला आणि डिसेंबरात कंपनीला टाळं लागलं. बँकेची फसवणूक केल्याचा अल बेलवर खटला चालला. त्यातून तो निर्दोष सुटला.

१९८९ मध्ये थिएटर पाडण्यात आलं. २००३ मध्ये त्याच जागेवर स्टॅक्सचं संग्रहालय उभं राहिलं. मूळ इमारतीचा आराखडा पाहून बांधलेलं, स्टुडिओची जमीन मुद्दाम उतरती ठेवलेलं. जो उतार सपाट करायला कधी पैसे नव्हते, तो आता खर्च करून बांधावा लागला.

गाण्यांची मालकी मात्र १९६८ च्या मे महिन्यात झालेल्या वाटणीप्रमाणेच आहे. त्याआधी अटलांटिकने वितरित केलेली सगळी ध्वनिमुद्रणं अटलांटिककडे, म्हणजे वॉर्नरकडे. नंतरची १९७७ मध्ये फँटसी कंपनीने घेतली आणि आता ती काँकर्डकडे आहेत. शिवाय अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की पैसे मिळतात ते गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला. गाणाऱ्याला किंवा वाजवणाऱ्याला नाही. म्हणून लेबलवर ज्यांची नावं छापली गेली, त्या क्रॉपर, फ्लॉइड, हेझ, पोर्टर यांचा वाटा चालू राहिला. दारावरच्या टकटकीचे ठोके सुचवणाऱ्या अल जॅक्सनचं नाव त्या गाण्याच्या कागदावर नाही, ओटिसने तोंडाने सांगितलेले हॉर्नचे तुकडे फुंकणाऱ्यांचंही नाही. त्या खोलीत कुणाची कल्पना कुणाची याचा हिशेब कुणी ठेवला नाही, म्हणूनच ती गाणी तशी झाली. आणि हिशेब ठेवला नाही म्हणूनच, तो ठेवणाऱ्यांनी नंतर ती नेली.